मराठी ईबुकात फॉन्ट एम्बेड करायचा कसा आणि कुठे कुठे फसायला होतं

माझ्या मावशीने बरीच वर्षं खानावळ चालवली. त्या दिवसांबद्दल तिने तीन वह्या भरून लिहून ठेवलं होतं, ते मी टाइप करून त्याचं ईबुक केलं आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना ईपब फाइल पाठवून दिली. माझ्या लॅपटॉपवर पुस्तक फार छान दिसत होतं, मुक्ता फॉन्ट, ठळक मथळे, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला, "ताई, माझ्या जुन्या ई-रीडरवर नुसते चौकोन दिसतायत गं." वहिनीच्या टॅबवर अक्षरं होती पण फॉन्ट भलताच. आणि मावशीच्या फोनवर तिसराच घोळ, तिने लिहिलं होतं "एक तारखेला आचाऱ्यांना पगार द्यायचे" आणि पुस्तकात झालं होतं "आचार्यांना पगार द्यायचे". ती काही बोलली नाही, फक्त त्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

हे तिन्ही प्रकार वेगवेगळ्या कारणांनी झाले होते, ती कारणं शोधण्यात माझे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून फॉन्ट एम्बेड कसा करायचा, म्हणजे फॉन्टची फाइलच पुस्तकात घालून कशी द्यायची, ते सगळं क्रमाने लिहितेय. कोडिंग येत नसलं तरी चालेल, पण घाई करू नका आणि प्रत्येक पायरीनंतर फाइलची कॉपी वेगळ्या नावाने ठेवत जा.

काय काय हाताशी हवं

- तुमच्या पुस्तकाची ईपब फाइल आणि तिची एक न हात लावलेली कॉपी
- फॉन्टच्या फाइल्स, टीटीएफ किंवा ओटीएफ
- त्या फॉन्टचं लायसन्स, म्हणजे डाउनलोडच्या झिपमध्ये जी टेक्स्ट फाइल येते ती, टाकून देऊ नका
- कॅलिबर आणि सिजिल, ईबुक उघडून आत बदल करायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात
- ईपबचेक, फाइल नियमात बसते का हे सांगणारं टूल, सिजिलमध्ये प्लगइन म्हणूनही टाकता येतं
- किमान दोन वेगळी डिव्हाइस, त्यातलं एक तरी असं की ज्यावर तुम्ही तो फॉन्ट कधीच इन्स्टॉल केलेला नाही

शेवटचा मुद्दा का लिहिलाय ते पुढे कळेल, पण माझं जे झालं त्याचं मूळ तिथेच होतं.

१. फाइलच्या आत काय असतं ते एकदा बघून घ्या

ईपब म्हणजे खरं तर एक झिप फाइल. आत प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल फाइल्स असतात, दिसणं ठरवणारी सीएसएस असते, चित्रं असतात आणि ओपीएफ नावाची एक फाइल असते जिच्यात आत काय काय आहे त्याची पूर्ण यादी असते. फॉन्ट दिसायचा असेल तर चार गोष्टी जुळून याव्या लागतात: फॉन्टची फाइल आत असली पाहिजे, ओपीएफच्या यादीत तिची नोंद पाहिजे, सीएसएसमध्ये तिची ओळख करून दिलेली पाहिजे, आणि सीएसएसमध्येच ती कुठल्या मजकुराला लावायची ते सांगितलेलं पाहिजे. यातल्या तीन झाल्या आणि एक राहिली तरी पुस्तक उघडतं, वाचता येतं, बऱ्याच ॲपमध्ये कुठलाच एरर दिसत नाही, फक्त फॉन्ट तुमचा नसतो. म्हणून लोक तासन् तास शोधत बसतात.

कॅलिबर किंवा सिजिल वापरलं तर पहिल्या दोन गोष्टी ते सांभाळतं. फाइल हाताने अनझिप करून परत झिप करायच्या भानगडीत नवीन माणसाने पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ईपबमध्ये माइमटाइप नावाची एक छोटी फाइल सगळ्यात पहिली आणि कॉम्प्रेस न करता ठेवावी लागते, साधं झिप करताना ते होत नाही, आणि मॅकवर केलं तर आणखी लपलेल्या फाइल्स आत जाऊन बसतात.

२. फॉन्टच्या आधी मजकूर तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळे गाळतात. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का?

मराठीतली जुनी डीटीपी फाइल असेल, श्रीलिपी, शिवाजी, आयएसएमचे डीव्ही-टीटीवाले फॉन्ट, कृतिदेव, यातलं काही, तर पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फाइलमध्ये मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. तो फॉन्ट एम्बेड केला की पुस्तक दिसेल, हे खरं आहे, आणि म्हणूनच खूप जण तसं करतात. पण वाचकाने फॉन्ट बदलला की पानभर अगम्य चिन्हं, शोधायला गेलं तर एक शब्द सापडणार नाही, डिक्शनरी चालणार नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला तर त्या पुस्तकात वाचण्यासारखं काहीच नाही. मला हे पटत नाही. एवढी मेहनत करून पुस्तक करायचं आणि त्यातला मजकूर खरा मजकूरच नसायचा?

ओळखायचं सोपं आहे. एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, मराठीच दिसलं तर युनिकोड, भलतंच काही दिसलं तर जुनं एन्कोडिंग. तसं असेल तर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग माणसाने बसून प्रूफ वाचा, रफार आणि पहिली वेलांटी या दोन जागी कन्व्हर्टर हमखास चुकतात.

आता त्या आचाऱ्यांबद्दल. ऱ्य मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य जोडकचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, कोड २००डी. दुसरा म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, कोड ०९३१, आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे. पण पहिल्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह गळून गेलं की ऱ्य चा र्य होतो, दऱ्या चा दर्या होतो, आणि आचारी आचार्य होतात. माझ्याकडे काय झालं, वर्डमधून आलेला कचरा साफ करायला मी कुठेतरी वाचून सगळी अदृश्य चिन्हं एका फटक्यात फाइंड-रिप्लेसने उडवली. फॉन्टचा काही संबंधच नव्हता आणि मी दोन आठवडे फॉन्ट बदलून बघत होते.

तर साफसफाई करायच्या आधी हे करा: अदृश्य चिन्हवाला अर्धा र शोधून तिथे ऱ आणि हलन्त टाका. मराठीत तो मुख्यतः य आणि ह च्या आधी येतो, वाऱ्यावर, पुढाऱ्यांना, कुऱ्हाड, तऱ्हा, त्यामुळे दोन रिप्लेसमध्ये काम होतं. आणि बाकीची अदृश्य चिन्हंही सरसकट काढू नका, काही जोडाक्षरं मुद्दाम मोकळी दाखवायला ती वापरलेली असतात.

तसंच ॲ चं. ॲ साठी स्वतंत्र कोड आहे, ०९७२, पण जुन्या मजकुरात तो अ, अदृश्य जोडक आणि चंद्र असा तीन तुकड्यांत असतो. एकाच पुस्तकात दोन्ही असले तर एका ठिकाणी ॲडमिशन नीट आणि दुसऱ्या ठिकाणी अ च्या पुढे ठिपक्यांचं वर्तुळ दिसू शकतं. सगळीकडे एकच करून घ्या.

३. फॉन्ट निवडणे, आणि लायसन्स

लॅपटॉपवर फॉन्ट आहे म्हणजे तो पुस्तकात घालून वाटायला मोकळीक आहे असं नाही. मंगल, निर्मला यूआय, कोकिळा हे विंडोजबरोबर येतात, त्यांची फाइल ईबुकात घालून विकायची असेल तर लायसन्सचं वेगळं बघावं लागतं. विकत घेतलेल्या फॉन्टचंही तसंच, डेस्कटॉप लायसन्स वेगळं आणि ईबुकचं वेगळं असू शकतं. विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघितलं तर एम्बेडिंगबद्दल एक ओळ असते, तिथे रिस्ट्रिक्टेड दिसलं तर तो विषय तिथेच सोडा. इन्स्टॉलेबल दिसलं तरी लायसन्स वाचायचंच आहे.

नवीन माणसाने सरळ एसआयएल नावाच्या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सवाले फॉन्ट घ्यावेत, त्यात पुस्तकात घालायला आणि ते पुस्तक विकायला परवानगी आहे, फक्त फॉन्ट एकटाच विकता येत नाही. मराठीसाठी मी वापरलेले सांगते. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींत मिळतो, स्क्रीनवर स्वच्छ दिसतो, मथळ्यांना तर उत्तमच. नोटो सेरिफ देवनागरी, लांबलचक मजकुराला चांगला. आयआयटी मुंबईचा शोभिका, त्यात संस्कृतची अवघड जोडाक्षरंसुद्धा नीट येतात, संतसाहित्य किंवा पोथी करणाऱ्यांनी तो आधी बघावा. आणि तिरो देवनागरी मराठी, छापील पुस्तकासारखं वळण, मला सगळ्यात आवडतो, पण त्यात बोल्ड नाही, याचं काय होतं ते पुढच्या पायरीत.

ल आणि श नीट बघून घ्या. आपल्याकडे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श शिकवतात, बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये आधी हिंदीचं वळण दिसतं. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचं वळण आत असतं, पण ते तेव्हाच उमटतं जेव्हा पुस्तकाची भाषा मराठी आहे असं फाइलमध्ये लिहिलेलं असेल. म्हणून ओपीएफमध्ये आणि प्रत्येक प्रकरणाच्या वरच्या टॅगमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे एमआर, आहे ना ते तपासा. कुठूनतरी टेम्प्लेट घेतलेलं असलं की तिथे इंग्रजीचा कोड तसाच राहिलेला असतो. तरीही काही ई-रीडर भाषेकडे लक्ष देत नाहीत, तिथे तिरो मराठीसारखा मुळातच मराठी वळणाचा फॉन्टच उपयोगी पडतो.

४. बरोबर फाइल उचला

गूगल फॉन्ट्सवरून नोटोसारखा फॉन्ट उतरवला की झिपमध्ये एक व्हेरिएबल फॉन्टची, म्हणजे सगळ्या जाडी एकातच असलेली, फाइल असते आणि स्टॅटिक नावाचा फोल्डर असतो. स्टॅटिकमधल्या घ्या. व्हेरिएबल फाइल एकच असल्याने सोयीची वाटते पण अनेक ई-रीडरना ती कळत नाही, आणि तिच्या नावात स्वल्पविराम वगैरे असतात ते पुढे पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, त्रास देतात.

घ्यायच्या किती? रेग्युलर आणि बोल्ड, बस. बोल्ड फाइल दिलीच नाही तर रीडर रेग्युलरलाच फुगवून ठळक करतो, इंग्रजीत ते एकवेळ चालून जातं, देवनागरीत मात्र श्र, ष्ट, द्ध यांच्या पोटातली जागा बुजते आणि छोट्या पडद्यावर अक्षराचा गोळा होतो. म्हणून तिरोसारखा बोल्ड नसलेला फॉन्ट मजकुराला घेतला तर मथळ्यांना दुसरा फॉन्ट द्या, आणि मजकुरात ठळक करायचा मोह आवरा. तेच इटॅलिकचं, देवनागरीला तिरक्या अक्षराची परंपरा नाही, बहुतेक फॉन्टमध्ये ती फाइल नसतेच आणि मग रीडर अक्षरं नुसती कलती करतो. पत्रातला मजकूर, स्वगत वगैरे वेगळं दाखवायचं असेल तर डावीकडे थोडी जागा सोडा किंवा अवतरणचिन्हं वापरा.

फाइलचं नाव इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मधे जागा नाही. विंडोजवर छोटी-मोठी अक्षरं सारखीच धरतात पण बाकी बऱ्याच ठिकाणी नाही, आणि मग तुमच्याकडे चालणारी फाइल दुसरीकडे गप्प पडते.

५. फॉन्ट आत टाका

सिजिलमध्ये ईपब उघडा, डावीकडे फोल्डरची यादी दिसते, त्यात फॉन्ट्सवर राइट क्लिक करून ॲड एक्झिस्टिंग फाइल्स, आणि दोन्ही फाइल्स निवडा. ओपीएफमध्ये नोंद आपोआप होते. कॅलिबरमध्ये करायचं असेल तर पुस्तकावर एडिट बुक, मग फाइल मेनूतून इम्पोर्ट. एवढंच.

६. सीएसएसमध्ये ओळख करून द्या

सीएसएस फाइल उघडून सगळ्यात वर ॲट-फॉन्ट-फेस नावाचा नियम लिहायचा असतो, प्रत्येक फॉन्ट फाइलसाठी एक. म्हणजे रेग्युलरचा एक, बोल्डचा एक. त्याच्या महिरपी कंसात चार ओळी येतात:

- फॉन्ट-फॅमिली, म्हणजे तुम्ही ठेवलेलं नाव, दोन्ही नियमांत अगदी तेच
- फॉन्ट-वेट, रेग्युलरला नॉर्मल, बोल्डला बोल्ड
- फॉन्ट-स्टाइल, नॉर्मल
- एसआरसी, म्हणजे फाइलचा पत्ता

पत्ता सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजायचा. सीएसएस स्टाइल्स फोल्डरमध्ये आणि फॉन्ट फॉन्ट्स फोल्डरमध्ये असेल तर आधी दोन टिंबं आणि स्लॅश, म्हणजे एक पायरी वर या, मग फोल्डरचं नाव, स्लॅश, फाइलचं नाव. बहुतेकांचा फॉन्ट न दिसण्याचं कारण ही दोन टिंबं असतात.

आता माझ्या लॅपटॉपचं काय झालं होतं ते. मी फॅमिलीचं नाव मुक्ता असं दिलं होतं, पत्ता चुकला होता, पण मुक्ता माझ्या लॅपटॉपवर इन्स्टॉल होता त्यामुळे त्या नावाचा फॉन्ट सिस्टममधून उचलला जात होता. म्हणून मला सगळं झकास दिसत होतं. वहिनीच्या टॅबवर मुक्ता नाही, तिला टॅबचा फॉन्ट दिसला, मावसभावाच्या रीडरमध्ये देवनागरीच नाही, त्याला चौकोन. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय, सीएसएसमध्ये फॅमिलीला फॉन्टचं खरं नाव द्यायचंच नाही, मावशीमजकूर, मावशीमथळा असलं काहीतरी इंग्रजी अक्षरांत द्यायचं. हे नाव तुमच्या मर्जीचं असतं, फॉन्टच्या खऱ्या नावाशी जुळायची गरज नाही. मग पत्ता चुकला की लगेच कळतं, कारण त्या नावाचा फॉन्ट कुठल्याच सिस्टममध्ये नसतो.

नंतर ते नाव लावायचं. मजकुराला लावायचं तर बॉडीला, म्हणजे पूर्ण पानाच्या टॅगला, मथळ्यांना लावायचं तर एच१, एच२ या मथळ्यांच्या टॅगना, आणि तुम्ही ठेवलेल्या फॉन्टच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन सेरिफ किंवा सॅन्स-सेरिफ लिहा म्हणजे फॉन्ट नाही मिळाला तरी रीडर आपला काहीतरी लावेल. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं वेगळं लावू नका, वर्डमधून आलेल्या फाइलीत तसं प्रत्येक ओळीला चिकटलेलं असतं ते आधी काढा, नाहीतर बॉडीला काहीही सांगा, खालचं ऐकत नाही.

सीएसएसमध्ये आलाच आहात तर अजून दोन-तीन गोष्टी बघून घ्या. लेटर-स्पेसिंग देवनागरीला देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी सुटी दिसतात. लाइन-हाइट १.५ च्या आसपास ठेवा, इंग्रजीला चालणारी १.२ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीची रफार-मात्रा एकमेकांना भिडतात. आणि परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर फर्स्ट-लेटर वापरू नका, स्त्री, क्षण असा शब्द आला की काही रीडर जोडाक्षर मधूनच तोडतात.

७. फाइल हलकी करा, पण शेवटी

देवनागरी फॉन्ट जड असतात कारण जोडाक्षरांचे शेकडो आकार आत असतात. सबसेट करणं म्हणजे पुस्तकात जे वापरलंय तेवढेच आकार ठेवून बाकी काढून टाकणं. कॅलिबरच्या एडिटरमध्ये टूल्समध्ये मॅनेज फॉन्ट्स उघडलं की पुस्तकात कुठले फॉन्ट मागितलेत आणि त्यातले कुठले खरोखर आत आहेत याची यादी दिसते, फॉन्ट एम्बेड झालाय का हे तपासायला मी हीच जागा आधी बघते, आणि तिथेच सबसेटचा पर्याय आहे.

दोन सूचना. पहिली, सबसेट केल्यावर मजकुरात बदल करू नका. मी सबसेटनंतर अर्पणपत्रिकेत एक ओळ वाढवली, त्या ओळीतलं एक अक्षर पुस्तकात आधी कुठेच नव्हतं, तर तेवढंच वेगळ्या वळणाचं दिसायला लागलं. बदल करायचा असेल तर मूळ पूर्ण फॉन्ट परत टाका, बदल करा, मग परत सबसेट. म्हणून पूर्ण फॉन्टवाली कॉपी जपून ठेवा.

दुसरी, सबसेटनंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. कमांड लाइन येत असेल आणि फॉन्टटूल्समधलं पायएफटीसबसेट वापरणार असाल तर लेआउट फीचर्स सगळी ठेवायला सांगा. जोडाक्षर कसं बनवायचं हे त्या फीचर्समध्येच लिहिलेलं असतं, ती गेली तर अक्षरं सगळी असतात पण स्त्री चं स् त् री होतं.

तपासायला मी पुस्तकाच्या शेवटी एक तात्पुरतं पान ठेवते आणि पाठवायच्या आधी काढते. त्यावर एवढं लिहा: दऱ्याखोऱ्यांत, कुऱ्हाड, ॲम्ब्युलन्स, ऑफिस, श्री, क्षण, ज्ञान, हृदय, शृंगार, राष्ट्र, उत्स्फूर्त, द्व्यर्थी, वाङ्मय, ब्रह्म, चिन्ह, उद्ध्वस्त, कॢप्ती, कर्तृत्व, रुपया, रूप, बाळ, शाल. हे पान ज्या डिव्हाइसवर नीट दिसलं तिथे पुस्तक नीट दिसणार. सबसेट करतानाही हे पान आत असू दे.

८. ऑब्फस्केशन म्हणजे काय, आणि आयएसबीएन कधी टाकायचा

तुम्हाला कोणी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेली ईपब दिली असेल तर तिच्यातले फॉन्ट ऑब्फस्केट केलेले असतात, म्हणजे फॉन्ट फाइलचा सुरुवातीचा तुकडा विस्कटून ठेवलेला असतो, की कोणी झिप उघडून फॉन्ट सहज उचलू नये. आयडीपीएफ, म्हणजे ईपबचे नियम ठरवणारी जुनी संस्था, तिच्या पद्धतीत पहिले १०४० बाइट विस्कटतात, अडोबीच्या जुन्या पद्धतीत १०२४. आणि ते परत जुळवायची किल्ली कुठे असते, तर पुस्तकाच्या आयडेंटिफायरमध्ये, ओपीएफमध्ये जो आयएसबीएन किंवा यूयूआयडी नावाचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो त्यात.

म्हणजे ज्या कुणी अशा फाइलीत ओपीएफ उघडून नुसता आयएसबीएन बदलला, त्याचे सगळे फॉन्ट मेले. फाइल आत आहे, नोंद आहे, पत्ता बरोबर आहे, तरी दिसत नाही. खूप भल्या भल्या लोकांना मी यात अडकलेलं बघितलंय.

उपाय साधा आहे. सिजिलमध्ये फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक केलं की फॉन्ट ऑब्फस्केशन येतं, तिथे नन, म्हणजे ‘काहीच नाही’ हा पर्याय निवडा, मग आयएसबीएन बदला, सेव्ह करा. लायसन्सची अट असेल तरच परत लावा. ओपन फॉन्टला ते मुळात लागतच नाही, न लावलेलं बरं.

९. आता तपासणी

आधी ईपबचेक चालवा, एरर शून्य येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग डिव्हाइस.

ॲपल बुक्समध्ये फॉन्टच्या यादीत ओरिजिनल निवडलेलं असेल तरच तुमचा फॉन्ट दिसतो, आणि त्यासाठी फाइलमध्येही एक खूण लागते: ईपब ३ असेल तर ओपीएफमध्ये स्पेसिफाइड-फॉन्ट्सची मेटा ओळ, ईपब २ असेल तर मेटा-आयएनएफ फोल्डरमध्ये डिस्प्ले-ऑप्शन्सची एक छोटी फाइल. कोबोच्या ई-रीडरवर पब्लिशर डिफॉल्ट निवडा. अँड्रॉइडवरच्या काही वाचन ॲपमध्ये पुस्तकाची स्टाइल वापरायची की ॲपची असा पर्याय असतो, तो ॲपकडे असेल तर तुमचा फॉन्ट येणार नाही, यात तुमची काही चूक नाही.

मग फॉन्ट मुद्दाम बंद करून बघा. रीडरचाच फॉन्ट लावा आणि दोन पानं वाचा. मजकूर नीट वाचता येतोय, ऱ्या जागेवर आहे, मथळे ओळखू येतायत, तर पुस्तक तयार. ज्याला मोठं आणि जाड अक्षर लागतं तो वाचक हेच करणार आहे, मावशीसुद्धा फोनवर फॉन्ट मोठा करून आणि बदलूनच वाचते, त्यामुळे माझ्या लेखी ही तपासणी पहिल्या तपासणीपेक्षा मोठी आहे.

१०. किंडलसाठी थोडं वेगळं

किंडलवर मराठी पुस्तकं प्रकाशित करायची सोय २०१६ च्या डिसेंबरपासून आहे, आता ईपब अपलोड करता येते. पण ॲमेझॉनच्या सूचना वाचल्यात तर ते म्हणतात मजकुराचा फॉन्ट वाचकावर सोडा, एम्बेड केलेला फॉन्ट मथळे किंवा खास जागांपुरता ठेवा. मला हे पटतं. किंडलकडे देवनागरीचा स्वतःचा फॉन्ट आहे, तो मजकुराला पुरतो. शिवाय ७० टक्के रॉयल्टीच्या पर्यायात फाइल जितके एमबी तितका डिलिव्हरीचा खर्च तुमच्या पैशातून कापला जातो, म्हणजे न लागणारे फॉन्ट आत ठेवले तर प्रत्येक प्रतीमागे तुमचेच पैसे जातात. म्हणून किंडलसाठी मी वेगळी ईपब ठेवते, मजकुराचा फॉन्ट काढलेला, फक्त मथळ्यांचा, तोही सबसेट केलेला.

अपलोड करायच्या आधी ॲमेझॉनच्या किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये ते तात्पुरतं तपासणीचं पान बघा. आणि घरच्यांना फाइल नुसती पाठवायची असेल तर सेंड टु किंडल या ॲमेझॉनच्या सोयीला ईपब चालते, मोबी हा किंडलचा जुना फॉरमॅट करायची गरज राहिलेली नाही. वाचकाने आधी दुसरा फॉन्ट निवडून ठेवला असेल तर तोच दिसतो, त्याला अक्षरांच्या मेनूत पब्लिशर फॉन्ट निवडायला सांगा.

११. दुसऱ्याच्या पुस्तकातला फॉन्ट काढायचा असेल तर

कधी उलटं असतं, विकत किंवा फुकट मिळालेलं, डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, नसलेलं पुस्तक असतं आणि त्यातला फॉन्ट डोळ्यांना सोसत नाही, बदलायला गेलं तर बदलत नाही. कॅलिबरमध्ये ईपबचं ईपबमध्येच कन्व्हर्ट करा, लुक अँड फीलमध्ये फिल्टर स्टाइल इन्फर्मेशन म्हणून टॅब आहे, तिथे फॉन्ट्सवर टिक करा. नव्या फाइलीत मजकुराला फॉन्टची सक्ती राहत नाही. फक्त त्याआधी पायरी २ मधली व्हॉट्सॲपची चाचणी करा, कारण पुस्तक जुन्या एन्कोडिंगचं असेल तर फॉन्ट काढला की हातात फक्त चिन्हं उरतील, आणि कॅलिबर मूळ प्रत ओरिजिनल म्हणून ठेवतं ती तेव्हाच उपयोगी पडते.

सगळं झालं की एका फोल्डरमध्ये चार गोष्टी एकत्र ठेवा: पूर्ण फॉन्टवाली ईपब, सबसेट केलेली ईपब, मूळ फॉन्ट फाइल्स आणि लायसन्सची टेक्स्ट फाइल. मावशीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती मी याच फोल्डरमधून अर्ध्या दिवसात केली, तिने आणखी दोन आचाऱ्यांची नावं आठवून सांगितली होती, ती घालायची होती.